कागद काटेकोर, कापडाला माया

शिवणाच्या मराठीत ‘माया’ हे एक माप आहे. ब्लाउज शिवायला टाकताना ‘आत थोडी माया ठेवा’ असं आपण सांगतो, म्हणजे पुढे शिवण उसवून ब्लाउज सैल करता येतो. कागदावर कापड दुमडून षटकोन जोडायच्या रजईत, ज्याला सगळे इंग्लिश पेपर पीसिंग म्हणतात, या शब्दाशी रोज गाठ पडते. तिथे कागद अगदी तयार मापाचा कापायचा, त्याला माया शून्य. कापडाला मात्र सहाही बाजूंनी पाव इंच. मला या कामातलं सगळ्यात सुंदर गणित हेच वाटतं. काटेकोरपणाचा भार कागदाने उचलायचा आणि कापडाला थोडं सैल राहू द्यायचं. शिकायला सुरुवात करणारे बहुतेक जण याच्या बरोबर उलट वागतात. कापड पट्टी लावून तासन्‌तास मापतात आणि कागद गप्पा मारत मारत कापतात.

इंदूरच्या मराठी घरांत गोधडी नवी नाही. माळव्यातली डिसेंबर-जानेवारीची रात्र बोचरी असते, आणि रामबागेपासून लोकमान्य नगरपर्यंत कुठल्याही जुन्या घरात नऊवारीच्या घड्यांवर धावदोरा घातलेली एखादी तरी गोधडी निघतेच. पण गोधडीत कापडाचं राज्य असतं. तुकडा जसा मिळाला तसा बसवायचा, कमी पडला तर शेजारी दुसरा. षटकोनी जोडकामात आधी कागद येतो, तो आकार ठरवतो, आणि काम संपलं की निघून जातो. गोधडी शिवलेल्या हाताला हे सुरुवातीला जाचक वाटतं.

ही पद्धत जुनी आहे. इंग्लंडमध्ये १७१८ साल घातलेली एक रेशमी तुकड्यांची चादर जपलेली आहे. ती कागदावर कापड दुमडूनच केलेली आहे आणि तिच्यातले बरेच कागद अजून आत आहेत. अमेरिकेत १८३५ मध्ये बायकांच्या एका मासिकाने षटकोनांचा नमुना छापला होता, आणि १९३०च्या आसपास तिथे मधल्या षटकोनाभोवती फुलं रचलेल्या रजयांची लाटच आली. जुन्या अर्धवट रजयांच्या पाठीमागे पत्रांचे, हिशेबाच्या वह्यांचे, छापील जाहिरातींचे कापलेले तुकडे सापडतात. त्यावरची तारीख पाहून रजई त्याआधीची नाही एवढं नक्की सांगता येतं. त्यानंतर किती वर्षांनी केली हे मात्र कागद सांगत नाही, कारण रद्दी जुनीही असू शकते.

आता षटकोनच का? एकाच मापाच्या, सगळ्या बाजू सारख्या असलेल्या आकारांनी फट न ठेवता जमीन भरायची तर तीनच आकार चालतात: त्रिकोण, चौकोन आणि षटकोन. त्रिकोणाचे सहा कोपरे एका बिंदूत येतात, चौकोनाचे चार, षटकोनाचे फक्त तीन. प्रत्येक कोपऱ्यात कापडाच्या दुमडी साठतात, त्यामुळे तीन कोपरे म्हणजे कमी गाठोडं, सपाट रजई आणि सुईला कमी त्रास. याची किंमत अशी, की षटकोनांच्या रजईत आरपार जाणारी सरळ शिवण कुठेच नसते. षटकोनाची एक बाजू संपली की शिवण वळते. मशीनवर हे करता येतं, पण प्रत्येक कोपऱ्यावर थांबून, सुई खाली ठेवून कापड फिरवावं लागतं. म्हणून कागद आणि हात.

षटकोनाचं माप त्याच्या एका बाजूवरून ओळखतात. ‘एक इंची षटकोन’ म्हणजे बाजू एक इंच. मग टोकापासून समोरच्या टोकापर्यंत २ इंच, आणि सपाट बाजूपासून समोरच्या सपाट बाजूपर्यंत १.७३ इंच, म्हणजे जवळजवळ बरोबर ४४ मिलिमीटर. हा ४४चा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण कागद पट्ट्यांत कापताना तोच लागतो.

मूळ साचा शाळेच्या कंपासपेटीतून करता येतो, कोनमापकाची गरज नाही. कर्कटकात एक इंच घ्या, वर्तुळ काढा, आणि तेच अंतर वर्तुळाच्या कडेवर सहा वेळा चालवा. सहाव्या वेळची खूण सुरुवातीच्या खुणेवर येऊन बसली पाहिजे. बसली नाही तर कर्कटकाचा स्क्रू ढिला आहे किंवा पेन्सिल बोथट आहे. तो कागद फेकून द्या, ‘चालेल’ म्हणू नका. सहा खुणा जोडल्या की षटकोन तयार. तो जुन्या एक्स-रे फिल्मवर किंवा जाड प्लास्टिक फाइलच्या आवरणावर चिकटवा, आणि स्टीलची पट्टी लावून धारदार कटरने कापा. पुठ्ठ्याचा साचा करू नका. वीस-तीस वेळा पेन्सिल फिरली की पुठ्ठ्याचे कोपरे झिजून गोल होतात, आणि गोल कोपऱ्याचा षटकोन जोडताना तीन टोकांच्या मध्ये बारीक भोक राहतं.

साच्याभोवती पेन्सिल फिरवली की रेघ साच्याच्या बाहेर पडते, हे विसरायला होतं. अर्धा मिलिमीटर इकडे, अर्धा तिकडे, म्हणजे षटकोन मिलिमीटरभर मोठा. रेघ कापून टाकायची, कागदावर ठेवायची नाही. आणि नवा कागद नेहमी मूळ साच्यावरूनच आखायचा. कापलेल्या कागदावरून दुसरा, दुसऱ्यावरून तिसरा असं करत गेलं की प्रत्येक पिढीत षटकोन फुगतो. साठ इंच रुंदीत एक इंची षटकोन साधारण ३५ बसतात. सगळे मिलिमीटरभर मोठे असते तर रजई साडेतीन सेंटिमीटर रुंद होऊन प्रश्न मिटला असता. पण अर्धे मोठे आणि अर्धे बरोबर असले की प्रत्येक शिवणीत एक बाजू दुसरीपेक्षा लांब निघते, आणि ती ओढून बसवावी लागते.

प्रिंटरवर काढत असाल तर छपाईच्या खिडकीत ‘पानात बसवा’ हा पर्याय बंद करून शंभर टक्क्यांवर छापा. तो चालू राहिला आणि पान ९७ टक्क्यांवर छापलं गेलं, तर ४४ मिलिमीटरचा षटकोन पावणेत्रेचाळीसचा होतो. डोळ्याला कळत नाही. महिनाभराने दुसऱ्या दुकानातून दुसरा गठ्ठा छापून आणलात की दोन्ही गठ्ठे एकमेकांशी जुळत नाहीत, आणि दोष आपण आपल्या सुईला देत बसतो. म्हणून पहिल्या पानावरच पट्टी ठेवून बाजू मोजायची.

एका ए-फोर पानावर मधाच्या पोळ्यासारखे खेटून मांडले तर एक इंची षटकोन २५ ते २८ बसतात. कागद वाचतो, पण कापताना कात्री सतत वळवावी लागते. मला दुसरी पद्धत पसंत आहे. पानाच्या लांबीत ४४ मिलिमीटर रुंदीच्या चार पट्ट्या कटरने कापायच्या आणि प्रत्येक पट्टीत टोकाला टोक लावून पाच षटकोन आखायचे. पानामागे वीसच निघतात आणि मधले त्रिकोण वाया जातात. पण दोन समांतर बाजू आधीच अचूक मिळतात आणि उरलेले काप छोटे, सरळ असतात.

कात्रीने कापायचं तर कात्री स्थिर आणि कागद फिरता. पात्याच्या मध्यापासून काप सुरू करा, टोकाने कुरतडू नका, आणि काप कोपऱ्याच्या जरा पुढे नेऊन थांबवा. पाच-सहा कागद स्टेपल करून एकदम कापले तर वरचा बरोबर येतो आणि सगळ्यात खालचा सरकलेला असतो. तीन कागद ही मर्यादा बरी, आणि पिन षटकोनाच्या पोटात मारावी, कडेला नाही. षटकोनाचा पंच मिळाला तर उत्तम. तो उलटा धरून, खालून बघत दाबला की कागद कमी वाया जातो. कागदाची कात्री आणि कापडाची कात्री वेगळ्या हव्यात. कागदात खनिज भुकटी असते, तिने पात्याची धार बसते, आणि मग तीच कात्री मलमल कापताना कापड चावते. मेरठची दर्जी कात्री असेल तर तिला कागद दाखवूच नका. धार लावून ती कितीतरी वर्षं चालते.

वाकडा कागद नेमकं काय करतो तेही सांगते. षटकोनाच्या सहा कोनांची बेरीज ठरलेली आहे, ७२० अंश. हात हलून एक कोन ११८ अंशांचा झाला, तर दुसरा कुठला तरी १२० पेक्षा मोठा होणारच. तीन षटकोन भेटतात तिथे बेरीज ३६० पेक्षा कमी पडली की फूल वाटीसारखं उचललं जातं. जास्त झाली की कडेला झालर येते. एकाच फुलात एकीकडे वाटी आणि दुसरीकडे झालर दिसली, तर इस्त्री करण्यात अर्थ नाही, दोष कागदात आहे. तपासायला सोपी युक्ती: वीस कागदांची चळत हातात घ्या, टेबलावर सहाही बाजूंनी आपटा, आणि प्रत्येक आपटणीला वरून बोट फिरवा. जो खुपतो तो बाहेर. मग सगळे कागद एकेक बाजू फिरवून पुन्हा तेच. पाच मिनिटांचं काम आहे आणि पाच दिवसांची उसवाउसव वाचते.

कागद कोणता? नेहमीचा ८० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ८० ग्रॅम वजनाचा) झेरॉक्स कागद एक इंचापर्यंत चालतो, पण त्याची कड दुमडताना बोटाला लागत नाही, आणि एक-दोन वापरांत कोपरे मऊ पडतात. १२० ते १६० जीएसएम हे मला योग्य माप वाटतं. खजुरी बाजारात पुस्तकं-वह्यांच्या दुकानांतून चित्रकलेचा कार्ट्रिज कागद सुटा मिळतो, तो छान बसतो. लग्नपत्रिका हा आपल्या घरांतला न संपणारा साठा, पण निवडून घ्यावा. फार जाड पत्रिकेत सुई अडते, आणि चमकी किंवा सोनेरी छपाई असलेला कागद इस्त्रीखाली रंग सोडतो. वर्तमानपत्र नकोच. शाई हाताला लागते तशी पांढऱ्या कापडालाही लागते. प्रत्येक कागदाच्या मध्यभागी साध्या पंचने एक भोक पाडून ठेवा. शेवटी क्रोशाची सुई त्यात अडकवून कागद एका झटक्यात बाहेर येतो.

किती लागतील याचा अंदाज आधी घ्यावा, नाहीतर उत्साह आणि कापड दोन्ही अर्ध्यात संपतात. एक इंची षटकोनाचं क्षेत्रफळ २.६ चौरस इंच. साठ गुणिले नव्वद इंचांच्या एका माणसाच्या रजईला साधारण २,०८० षटकोन लागतात. बाजू दीड इंच घेतली तर सव्वानऊशे. पाऊण इंच घेतली तर ३,७०० च्या घरात. पहिल्या रजईला दीड इंचच घ्या असं मी आग्रहाने सांगेन. फुलाचा हिशेब वेगळा: मधला एक, भोवती सहा, त्याभोवती बारा, मग अठरा. एका वेढ्याचं फूल ७ षटकोनांचं, दोन वेढ्यांचं १९, तीन वेढ्यांचं ३७. कागद मात्र दोन हजार कापायची गरज नाही. सहाही बाजूंनी वेढला गेलेला कागद मोकळा होतो आणि पुन्हा कामाला येतो. पाच-सहाशे चांगले कागद फिरत राहिले तर पुरतात.

आता कापड. मालवा मिल, हुकुमचंद मिल या नावांच्या शहरात कापडाला तोटा असायचं कारण नाही. हुकुमचंद मिल १९९१ मध्ये बंद झाली, पण महाराजा तुकोजीराव क्लॉथ मार्केट आणि राजवाड्यामागच्या गल्ल्या अजून कापडावरच चालतात. तुकड्यांसाठी मात्र दर्जीकडे जायला हवं. तिथे ‘कतरन’ मागितली की पिशवी भरून मिळते. घरी आणून तिची वर्गवारी करा. सुती वेगळं, टेरिकॉट वेगळं. टेरिकॉटला घडी धरत नाही, गरम इस्त्रीला ते आक्रसतं, आणि सुती तुकड्याशेजारी बसवलं की सुती आधी विरतं. शाळेच्या गणवेशांची कतरन बहुतेक याच जातीची असते. पुरुषांचे जुने सुती शर्ट ही खरी खाण आहे. पाठीच्या एका तुकड्यातून, तो २० गुणिले २८ इंच भरला तर, अडीच इंची ८८ चौकोन निघतात. कॉलर आणि काखेजवळचा भाग सोडा, तिथे कापड आधीच अर्धं संपलेलं असतं.

धार जिल्ह्यातल्या बागच्या छपाईचं सुती कापड या कामाला फार शोभतं. लाल, काळा आणि पांढरा, बुट्ट्या लहान, आणि षटकोनाच्या पोटात अख्खी बुट्टी बसते. पण आधी धुवायलाच हवं. लाल कापड पांढऱ्या रुमालाबरोबर भिजवून पाहा. रुमाल गुलाबी झाला तर पाणी स्वच्छ येईपर्यंत पुन्हा पुन्हा धुवा. काळ्याबद्दल वेगळी काळजी. लोखंडावरून तयार होणारे काळे-तपकिरी रंग वर्षानुवर्षं हळूहळू सूत खातात. जुन्या विलायती रजयांत गडद तपकिरी तुकडे आधी झडलेले दिसतात ते याच कारणाने. म्हणून काळ्या तुकड्यांसाठी विणीला घट्ट, नवं कापड घ्यावं, विरलेलं नाही. महेश्वरी आणि चंदेरीचा मोह सगळ्यांनाच होतो. महेश्वरीत रेशीम असतं म्हणून ती घसरते आणि कडेला सूत सोडते, तिला पाव इंचाऐवजी तीन अष्टमांश इंच माया द्या. चंदेरी पारदर्शक, आतली दुमड आणि शेजारचा गडद रंग वरून दिसतो. खाली पांढऱ्या मलमलीचं अस्तर धरून दोन्ही एकत्र कापा.

जाड आणि पातळ कापड एकाच रजईत मिसळताना सावध राहा. खादी कागदाच्या कडेवरून वळते तेव्हा तिची जाडी कागदाच्या बाहेर येते आणि तयार षटकोन कागदापेक्षा मोठा होतो. मलमलीचा तसा होत नाही. शेजारी बसवले की खादीची बाजू लांब पडते. दोन्ही हवेतच असतील तर मलमलीला खळ देऊन अंग आणा.

कापायचं माप सोपं आहे. एक इंची षटकोनाला अडीच इंची चौकोन. किनारी कापून टाका, तिथली वीण घट्ट असते आणि धुतल्यावर वेगळी आटते. ४४ इंच पन्ह्याच्या एक मीटरमधून हिशेबाने २५५ चौकोन निघतात. कापड सरळ करण्यात जाणारा भाग धरून २४० माना, म्हणजे एका रजईला पावणेनऊ मीटर. चौकोनावर कागद ठेवा, दोन समोरासमोरच्या बाजू उभ्या धाग्याला समांतर धरा. उरलेल्या चार बाजू कशाही कापल्या तरी थोड्या उरेब, म्हणजे धाग्याला तिरक्या, येणारच, त्या ताणतात, आणि कागद आत असेपर्यंतच तो ताण आवरला जातो. टाचणी मध्ये लावून चार कोपरे छाटले की कापडाचा षटकोन तयार. इथे काप थोडा वाकडा गेला तर जाऊ द्या. कुठे पाव इंच, कुठे त्याहून दोन धागे जास्त, काही बिघडत नाही. बिघडतं ते कमी पडल्यावर. अष्टमांश इंचावर आलं की दुमड कागदावर टिकत नाही, आणि दोन धुण्यांत सूत सुटून शिवण उघडते. फार जास्त झालं तरी अडचण आहे. अर्धा इंची षटकोनात पाव इंचाची दुमड मध्यबिंदूच्या अर्ध्याहून पुढे पोचते, त्यात भर पडली की कोपऱ्यात कापडाचे थर चढतात.

बुट्टी नेमकी मध्ये आणायची असेल तर जाड कागदात षटकोनी खिडकी कापा आणि ती कापडावर फिरवून जागा शोधा. खिडकीच्या कडेने पेन्सिल, मग बाहेर पाव इंच सोडून काप. एका फुलाच्या सहा पाकळ्या हुबेहूब सारख्या हव्या असतील तर नक्षीची सहा आवर्तनं लागतात, आणि कापडाची अक्षरशः चाळणी होते. दुप्पट-तिप्पट कापड धरूनच हे काम हातात घ्यावं.

कच्चा टाका दोन तऱ्हांनी घालतात. एक इंचापर्यंत कागद न टोचता, फक्त दुमडलेल्या कोपऱ्यांवर एकेक उलटा टाका घेत सहा कोपरे फिरून यायचं. दीड इंच किंवा मोठ्या मापाला कागदातून आरपार लांब टाके बरे. धागा फिका घ्या, गडद धाग्याचा रंग आणि तंतू पांढऱ्या कापडावर राहतात. डिंकाची कांडीही चालते, पाण्यात विरघळणारी. मात्र ती कडेपासून दोन-तीन मिलिमीटर आत लावायची, नाहीतर सुई चिकट होते आणि कागद सोडवताना फाटतो. मे महिन्यात, इंदूरच्या दुपारी, ही कांडी लोण्यासारखी होते आणि हात आपोआप जास्त लावतो. तेव्हा ती थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवा किंवा सरळ दोऱ्यावर या.

जोडताना दोन षटकोन सुलट्याला सुलटं लावून, काठांवरून वळसा घेणारा बारीक टाका. इंचात बारा ते सोळा. सुई दहा नंबरची, आणि प्रत्येक काठाचे एक-दोन धागेच उचलायचे. सुई कागदात शिरली की आवाज बदलतो, करकर येते. तो ऐकायची सवय लागली की मान खाली घालून काम करता येतं. टाके वरून फार दिसत असतील तर सुई तिरकी जाते आहे किंवा धागा जास्त ओढला जातो आहे.

कागद काढायच्या आधी तो भाग कागदासकट इस्त्री करा, घडी पक्की बसते. मग सहाही बाजू जोडलेल्या षटकोनांचेच कागद काढा. रजईच्या सगळ्यात बाहेरच्या ओळीचे कागद किनार लागेपर्यंत हलवू नका, तिथल्या उरेब कडा मोकळ्या झाल्या की ताणून नागमोडी होतात. निघालेला कागद इस्त्रीने सपाट करून मूळ साच्यावर ठेवून पाहा. कोपरा मऊ झाला असेल तर रद्दीत. आणि रजई पूर्ण झाल्यावर तो साचा, त्याच गठ्ठ्यातले पन्नासेक कोरे कागद आणि प्रत्येक कापडाचा हातभर तुकडा एका डब्यात घालून ठेवा. आठ-दहा वर्षांनी एखादी पाकळी विरली तर ती त्याच मापाची बसवता येते.